भरलेली काच

आमचे खंडेराव वारले त्याला सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ते माझ्याकडे एकदाही आले नाहीत. स्वप्नात नाहीत, दाराची कडी वाजवून नाहीत, पित्रांच्या जेवणाला कावळासुद्धा आमच्या पानाला लवकर शिवत नाही. खलील मास्तरांकडे मात्र ते दर शुक्रवारी दुपारी दीड वाजता यायचे, असं अख्खी कंपनी म्हणायची. मला त्याचा किती राग यायचा काय सांगू. कुंकू माझं पुसलं, लेकीला, पूजाला मी एकटीनं वाढवलं, आणि हे जाऊन बसायचे त्या बॉयलरपाशी.

कंपनी आमची ओझरच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत. टोमॅटोची प्युरी करते. हंगामात क्रेटांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागते आणि आवारभर आंबूस वास भरून राहतो. डोक्यावरून विमान कारखान्याची विमानं जातात, पण त्यांच्याकडे मान वर करून बघायला कोणाला वेळ नसतो. मी केटलवर असते. केटल म्हणजे स्टीलचं दोन भिंतींचं मोठं पातेलं. भिंतींच्या मधल्या पोकळीत वाफ सोडायची. ती आतल्या रसाला उष्णता देते, स्वतः पाणी होते आणि खालच्या नळीतून निघून जाते. रस आटतो, पण पातेल्याखाली जाळ नाही म्हणून करपत नाही. ही वाफ यायची खलील मास्तरांच्या बॉयलरमधून.

मास्तरांनी शाळेत कधी कोणाला शिकवलं नाही. बॉयलरचं सर्टिफिकेट असलेला कंपनीतला तो एकच माणूस, म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. ओझरच्या पिंजाऱ्यांचा मुलगा. वडील घरोघरी जाऊन गाद्या भरायचे. ह्यांना कापसाच्या धुळीनं दमा व्हायला लागला म्हणून एका साखर कारखान्याच्या भट्टीवर चिकटले, दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला परीक्षा पास झाले आणि मग आमच्या कंपनीत आले. अंगानं काटकुळे, बोलणं मोजकं. पण बॉयलरचा विषय निघाला की तोंडाला खीळ नसायची.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एकदा केटलच्या नळीतून वाफ गळत होती, मी फडकं घेऊन पुढं झाले. मास्तरांनी लांबूनच हटकलं.

"भाभी, हात मागे घ्या. काय दिसतंय तिथं?"

"वाफ."

"नाही. पांढरं दिसतंय ते पाणी झालेलं आहे, बारीक थेंब. नळीच्या तोंडाशी बघा, चार बोटं जागा रिकामी दिसते ना? खरी वाफ तिथं आहे. ती दिसत नाही."

मग म्हणाले, उकळतं पाणी सांडलं तर भाजतंच, पण वाफ त्याहून वाईट. ती कातडीवर येऊन पाणी होते, आणि पाणी होताना पोटातली सगळी आग तिथंच टाकून जाते. तेव्हा मला वाटलं, माणूस उगाच भीती घालतोय. तो खरं बोलत होता ते मला नंतर दवाखान्यात कळलं.

आमचे खंडेराव त्यांच्याच हाताखाली, भट्टीत लाकडं टाकायला. मास्तर पाणी बघायचे, हे जाळ बघायचे. दोघांचं असं जमायचं की मी आणि मास्तरांची बायको जैतुनबी चेष्टा करायचो, ह्या दोघांचंच लग्न लावून द्यायला हवं होतं. दोघांचा एक ठराव होता. शुक्रवारी मास्तर जुम्म्याच्या नमाजाला ओझरला जायचे, तेवढा तासभर आमचे हे एकटे बॉयलर सांभाळायचे. आणि चंपाषष्ठीला ओझरात खंडोबाची यात्रा भरली की मास्तर दोघांचं काम करायचे आणि हे भंडारा उधळायला मोकळे. नियमात हे बसत नव्हतं. पण साहेबांना ठाऊक होतं आणि साहेब गप्प होते.

शुक्रवारी मास्तरांचा थाट बघण्यासारखा असायचा. एक वाजता हातपाय धुऊन वजू करायचे, पिशवीतून इस्त्रीचा पांढरा सदरा-पायजमा काढायचे, टोपी घालायचे. खाकीतला काळवंडलेला माणूस एकदम नवरदेव दिसायचा. आमचे हे म्हणायचे, "मास्तर, आता कुठं हात लावू नका. डाग पडंल."

ज्या दिवशी घडलं तो चंपाषष्ठीच्या आठवड्यातला शुक्रवार होता. आदल्या रात्री आमच्या चुलत दिरांकडे खंडोबाचं जागरण होतं. हे पहाटेपर्यंत वाघ्यांबरोबर टाळ वाजवत बसले आणि डोळे लाल करून सकाळी कामावर निघाले. मी भांडले. म्हटलं, "देवाचं झालं, आता बॉयलरपाशी झोपू नका म्हणजे मिळवलं." हे माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं. माणसाला कुठं ठाऊक असतं, कोणतं बोलणं शेवटचं होणार आहे.

दुपारी पावणेदोनला मोठा आवाज झाला आणि माझ्या केटलची वाफ गेली. बॉयलरमधलं पाणी संपलं होतं. जाळ चालूच होता. आतल्या नळ्या लाल झाल्या, एक फुटली, आणि होती नव्हती ती वाफ भट्टीच्या दारातून बाहेर आली. दारासमोर हे लाकूड घेऊन उभे होते. नाशिकला नेलं. तोंड एवढं सुजलं होतं की मी त्यांना हातातल्या कड्यावरून ओळखलं. संध्याकाळपर्यंत होते. बोलता आलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात चौकशीचे एक साहेब आले. वही घेऊन बसले. विचारलं, "बाई, काल रात्री झोप झाली होती का त्यांची?" मी म्हटलं, नाही साहेब, जागरण होतं. "दिवसा डुलकी लागायची का?" मी म्हटलं, लागायची. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा काय कळत होतं. साहेबांनी लिहून घेतलं, मी अंगठ्याच्या जागी सही केली. कागदावर पुढं काय काय जुळवलं गेलं ते मला कोणी वाचून दाखवलं नाही, पण गावात जे आलं ते हेच, की खंडेराव बॉयलरपाशी झोपला, पाणी संपलं तरी जागा झाला नाही. काचेत पाण्याची पातळी दिसते, डोळ्यांसमोर असते, ती बघितली नाही. यात्रेत लोक अजून म्हणतात, त्याला जागरणानं खाल्लं.

आणि मी पण तेच म्हणत आले. सतरा वर्षं मी मेलेल्या माणसाशी भांडले. पूजाच्या लग्नात कन्यादानाला दीर बसले तेव्हासुद्धा मनात म्हटलं, एक तास डोळे उघडे ठेवता आले नाहीत तुम्हाला. एका तासाचं काम होतं.

मास्तरांचं मात्र वेगळंच सुरू झालं. बॉयलर दुरुस्त होऊन पुन्हा पेटला तेव्हापासून ते जुम्म्याला गेले नाहीत. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, शुक्रवारी बॉयलरच्या मागं चटई टाकून एकटाच पढायचा आणि लगेच काचेसमोर येऊन बसायचा. मशिदीतली माणसं समजवायला आली, जैतुनबी रडली, मास्तर हलले नाहीत. पांढरा सदरा त्यानंतर अंगावर चढला नाही. ईदलासुद्धा खाकीच. लेकीच्या, आयतच्या निकाहात जावयाकडच्यांनी नावं ठेवली, तरी खाकीच.

आणि ती काच. बॉयलरच्या पुढच्या अंगाला उभी काचेची नळी असते. वरचं तोंड वाफेच्या बाजूला उघडतं, खालचं पाण्याच्या. आत जेवढं पाणी तेवढं काचेत दिसतं. काचेखालच्या तोटीनं ती अधूनमधून रिकामी करून बघायची असते, पाणी पुन्हा झपकन वर आलं की समजायचं, काच खरं सांगतेय. पाळीतून दोनदा केलं तरी पुष्कळ. मास्तर दर पाव तासानं करायचे. तोटी उघडली की गंजाचं लाल पाणी फसकन उडायचं, त्यांच्या सगळ्या कपड्यांवर ते डाग असायचे.

शुक्रवारी दीड वाजता ते बोलायचे. समोर कोणी नसताना. राज म्हणून दुसऱ्या पाळीचा आहे, त्यानं पहिल्यांदा ऐकलं आणि कंपनीभर केलं, मास्तरांना खंडेराव दिसतो. मी म्हटलं, बघू तरी. एका शुक्रवारी केटल शेजारी काम करणाऱ्या भागीबाईवर सोपवली आणि लाकडांच्या ढिगाआड उभी राहिले. मास्तर स्टुलावर. भट्टीपाशी दुसरं स्टूल, आमच्या ह्यांचं, ते कोणाला बसू द्यायचे नाहीत. पाइपात कुठंतरी ठक ठक वाजलं. वाफेचं पाणी नळीत साचलं की वाजतं ते, मला माहीत होतं, तरी अंगावर काटा आला. मास्तरांनी मान वळवून त्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "दे, खंडू. दे पाणी." आणि उठून पंप लावला.

मी तशीच मागं फिरले. घरी येऊन फोटोसमोर उभी राहिले आणि म्हटलं, त्यांच्याशी बोलता आणि माझ्याशी नाही, एवढं काय वाकडं केलं मी तुमचं. 

ह्या वर्षी कंपनीनं नवीन बॉयलर घेतला. गॅसवरचा, सगळं बटणांवर, लाकूड नको की धूर नको. जुना सोमवारी भंगारवाला कापून नेणार आणि मास्तर त्याच दिवशी रिटायर. शुक्रवारी सकाळी जुन्यावर शेवटचा माल काढला. दुपारी बाराला मास्तर स्वतः केटलपाशी आले. कधी येत नसत.

"भाभी, जरा चला. तुम्हाला एक दाखवायचंय. सोमवारनंतर दाखवता येणार नाही."

बॉयलरला आता दोन काचा आहेत, दोन्ही अर्ध्यावर भरलेल्या. मास्तरांनी मला आमच्या ह्यांच्या स्टुलावर बसवलं. मग त्यांनी उजव्या काचेचा खालचा कॉक, म्हणजे पाण्याच्या बाजूची चावी, बंद केला. तळची तोटी उघडून काच रिकामी केली, पुन्हा बंद केली. म्हणाले, "आता बघत राहा. दोन्हीकडे."

डावी काच होती तशीच. उजवी आधी रिकामी, काही नाही. मग आतल्या बाजूनं घाम फुटल्यासारखे थेंब धरले. थेंब घरंगळले. तळाशी बोटभर पाणी साचलं. मग दोन बोटं. कोणी ओतत नव्हतं, खालून वाट बंद, तरी काच भरत चालली होती. मी बघत बसले. किती वेळ गेला ठाऊक नाही, डावी काच अर्ध्यावर आणि उजवी पार वरपर्यंत.

"कुठून आलं हे पाणी?" मी विचारलं.

"वाफेतून. वरचं तोंड उघडं आहे. वाफ आत येते, काच थोडी थंड असते, तिथं तिचं पाणी होतं आणि साचत जातं. खालचं तोंड खपल्या धरून बुजलं तर हेच होतं. बॉयलर रिकामा होत असतो आणि काच भरलेली दिसते."

मला अजून कळत नव्हतं. किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

"त्या दिवशी एकच काच होती," मास्तर म्हणाले. "दुसरी आठ दिवसांपूर्वी फुटलेली. मी कपडे बदलले, निघालो. खंडूनं विचारलं, 'मास्तर, पानी देऊ का? काच लय लवकर भरल्यासारखी वाटते. एकदा सोडून बघा ना.' मी बघितलं, काच भरलेली. आदल्या दिवशी पाणी जास्त झालं म्हणून साहेबांनी मला चार माणसांत झापलं होतं. आणि अंगात पांढरं होतं, भाभी. वजू केलेला होता. तोटी उघडली असती तर ते लाल पाणी उडालं असतं. तो म्हणाला, मग मी सोडतो. मी म्हटलं, तू हात लावू नको, एक फुटलीय, ही पण फोडशील. भरलेली आहे, पंप लावू नको, मी आल्यावर बघतो."

ते बॉयलरकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

"तो झोपला नव्हता. झोपलेला माणूस लाकूड हातात घेऊन दारापुढे उभा कसा असेल? त्याला शंका आली होती. मी सांगितलं म्हणून त्यानं पाणी दिलं नाही. नंतर साहेबांच्या केबिनमध्ये कोणीतरी म्हणालं, जागरण होतं म्हणे, झोपला असेल. आयत तेव्हा चार वर्षांची होती. मी गप्प बसलो. त्या जागरणाच्या आड लपलो. अजून लपलोय."

माझं डोकं फिरलं. हाताशी लाकूड होतं, ते मी उचललंसुद्धा. मग ठेवलं. राग नुसता त्यांचा असता तर मारलं असतं. "कोणीतरी म्हणालं" असं ते म्हणाले ना. ती कोणीतरी मी होते.

"मास्तर, जागरणाचं मी सांगितलं होतं. दवाखान्यात. सही करून."

त्यांनी तेव्हा माझ्याकडे बघितलं. ते त्यांना ठाऊक नव्हतं. सतरा वर्षं दोघं एकाच आवारात, एका नळीच्या दोन टोकांना, आणि एकमेकांना सांगायचं तेवढं राहून गेलं. झाकली मूठ म्हणतात, पण आमच्या मुठीत निखारा होता.

मी पुष्कळ रडले. मग डोळे पुसले आणि मनात होतं ते बोलले. "तुम्ही जुम्मा सोडलात, पांढरं सोडलंत. त्यातलं माझ्या नवऱ्याला काय मिळालं? माझ्या पूजाला काय मिळालं? लोक तिला झोपाळू खंड्याची पोर म्हणायचे. तुम्ही इथं रिकाम्या स्टुलाला पाणी दे म्हणत बसलात, आणि मी घरी त्यांना शिव्या देत बसले."

मास्तर म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते करतो."

"उठा. आज मशिदीत जा. नमाज झाला की लोक बाहेर पडतील, तिथं उभे राहा आणि सांगा, खंडेराव झोपला नव्हता, पाणी देऊ का म्हणून विचारत होता, मी नको म्हटलं. ओझरात सांगा. यात्रा तिथं भरते, बोलणारी तोंडं तिथं आहेत. उद्या साहेबांना लिहून द्या. माझी सही खोटी पडली तरी चालेल."

"बॉयलर टाकून?" हे विचारताना त्यांचा चेहरा असा झाला की मला त्या दिवशी बॉयलर टाकून गेलेला माणूस दिसला.

"मग जाळ काढा. माल संपलाय. आता कोणासाठी पेटवून ठेवलाय?"

मास्तर उठले. लांब आकड्यानं त्यांनी भट्टीतली लाकडं एकेक ओढून बाहेर काढली, पाणी मारून विझवली. केटलकडची वाफ बंद केली. उजव्या काचेचा कॉक उघडला. मग दोन्ही काचा सोडून बघितल्या, डावी, उजवी. लाल पाणी फसकन उडालं, सदऱ्यावर, दाढीवर. मी म्हटलं, तोंड धुवा. ते म्हणाले, वजू तिथं करतो. कपडे तेच राहू देत. आणि ते डाग घेऊन, खाकीतच, सायकलवर बसून गेले. माफ केलं असं मी म्हटलं नाही. आजही म्हटलेलं नाही.

पुढं त्यांनी तिथं काय सांगितलं, ते मला संध्याकाळी भागीबाईच्या दिराकडून कळलं. सगळं सांगितलं, शब्द न गाळता. काही माणसं उठून गेली म्हणे. एक म्हातारा त्यांच्याशेजारी शेवटपर्यंत उभा राहिला.

पण दीड वाजता मी एकटी होते. ह्यांच्याच स्टुलावर बसलेली. जाळ नाही, पंप नाही, माणूस नाही. वाफेच्या दाबाचा काटा हळूहळू खाली येत होता. बॉयलर गार व्हायला लागला की आत राहिलेली वाफ पाणी होत जाते, पत्रा आकसतो, पाइप कुरकुरतात. मास्तरांनी हे सगळं मला कधीच सांगून ठेवलं होतं. तरी मी पदर घट्ट धरून बसले होते.

ठक. मग पुन्हा ठक ठक, भट्टीच्या दाराच्या अंगाला. आणि माझ्या मागून, अगदी जवळून, जागरणानं बसलेल्या आवाजात कोणीतरी विचारलं, "पानी देऊ का?"

मी मागं वळून बघितलं नाही. सतरा वर्षांनी माझ्याकडे आले होते, बघून घालवायचे नव्हते.

म्हटलं, "नको आता. जाळ काढलाय. झोपा तुम्ही."